हवापालट: वाळवंट, पराग आणि शिंकेचं कारण



या मालेतल्या मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. त्यात सगळी उदाहरणं घट आणि कुंभार, धूर आणि अग्नी यांचीच होती. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी जरा खोचकपणे विचारलं, "सर, हे तुमचं कार्यकारण साध्या शिंकेला लागू पडतं का?" प्रश्न चांगला आहे, म्हणून आज शिंकेवरच बोलतो. आणि मुद्दाम वाळवंटातल्या शिंकेवर बोलतो. दमट गावात, फुलाफळांच्या बागेत माणूस शिंकला तर कुणाला नवल वाटत नाही. पण जिथे झाड नाही, दमटपणा नाही, जिथली हवा औषध म्हणून घ्यायला लोक हजारो मैल प्रवास करून गेले, तिथेही पुढे लाखो लोक नाकाला रुमाल लावून बसले. हे कसं झालं? ही जागा म्हणजे अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, विशेषतः टूसॉन आणि फीनिक्स ही दोन शहरं. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-सुना तिकडे आहेत, तेव्हा गावांची नावं अगदीच परकी नसावीत.

पण सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल.

१८१९ साली लंडनमध्ये जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी वैद्यकीय मंडळासमोर एक निबंध वाचला. रोगी ते स्वतःच होते. दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, खाज, शिंकांची सर, छातीत घुसमट, आणि उन्हाळा ओसरला की सगळं शांत. १८२८ साली त्यांनी दुसरा निबंध लिहिला. तोवर खूप शोधाशोध करून त्यांना असे फक्त अठ्ठावीस रोगी सापडले होते. आज एका सोसायटीत सापडतील! लोक या दुखण्याला तेव्हाच 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप, म्हणू लागले होते. बॉस्टॉकना मात्र ते पटत नव्हतं. त्यांच्या मते दोष उन्हाचा होता. विचार करा, त्यांचं काय चुकलं? ऊन वाढतं तेव्हा त्रास वाढतो, ऊन कमी होतं तेव्हा कमी होतो, हे निरीक्षण बरोबरच होतं. पण उन्हाबरोबर आणखीही काहीतरी वाढत आणि कमी होत होतं. आपले नैयायिक ज्याला उपाधी म्हणतात ती हीच भानगड. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणायला जावं तर तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. कारण धुराला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण आपण मोजलंच नाही, की व्याप्ती फसते. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

बॉस्टॉकचं ओलं सरपण सापडलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांना. हेही डॉक्टर आणि हेही रोगी. १८७३ साली त्यांचं पुस्तक निघालं. माझ्या मते अन्वय-व्यतिरेकाचं इतकं स्वच्छ उदाहरण तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतही मिळत नाही. ऊन, धूळ, उजेड, ओझोन, एकेक संशयित त्यांनी स्वतःवर तपासला. मग भर हिवाळ्यात, हंगाम नसताना, साठवलेले परागकण नाकात ओढले, आणि शिंका आल्या. कातडीवर ओरखडा काढून त्यावर पराग चोळले, तिथे गांधी उठली. चिकट केलेल्या काचा रोज उघड्यावर ठेवून त्यांवर पडलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, आणि त्या आकड्याशी स्वतःच्या त्रासाची नोंद ताडून पाहिली. एवढ्यावरही समाधान झालं नाही म्हणून पतंग उडवून काचा हजार फुटांहून वर पाठवल्या. तिथेही पराग सापडले. म्हणजे शेत लांब आहे म्हणून आपण सुटलो, असं नाही; वारा आणून पोचवतो. आपल्याकडे संक्रांतीला पतंग उडतात, पण त्याला काच बांधून असा उपयोग करावा हे सुचायला मँचेस्टरचा शिंकणारा डॉक्टरच लागला.

'ॲलर्जी' हा शब्द त्यानंतर तीस-एक वर्षांनी, १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बनवला. ग्रीकमध्ये 'ॲलॉस' म्हणजे वेगळं आणि 'एर्गॉन' म्हणजे क्रिया. बदललेली प्रतिक्रिया, असा अर्थ. या शब्दात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. पराग विषारी नाहीत. शेजारी बसलेला माणूस तेच पराग ओढतो आणि मजेत असतो. मग कारण परागात आहे की शरीरात? दोन्हीत, किंवा दोघांच्या नात्यात. शरीरात आधी त्या पदार्थाची ओळख पटलेली असावी लागते, आणि ती ओळख शत्रू म्हणून पटलेली असावी लागते. ही ओळख वाहणारा रक्तातला घटक, आयजीई, १९६६-६७ च्या सुमारास सापडला. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याला, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्येही. इथे कुणीतरी म्हणणार की, आपल्या आयुर्वेदात सात्म्य-असात्म्य आहेच. आहे, कल्पना सुंदरही आहे. पण म्हणून पराग मोजायचे कष्ट आपण घेतले होते असं होत नाही, आणि मोजणं महत्त्वाचं असतं.

आता अमेरिकेत जाऊ.

तिथे हे दुखणं ऑगस्ट-सप्टेंबरात जोर करायचं. मुख्य आरोपी रॅगवीड नावाचं तण. त्याचं एक झाड एका हंगामात अब्जावधी नाही तरी अब्जाच्या घरात पराग सोडतं, असं म्हणतात. श्रीमंत लोक त्या दिवसांत घरंदारं सोडून न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात जाऊन राहत. १८७४ साली तर त्यांनी हे फीव्हरवाल्यांचा राष्ट्रीय संघच काढला. आजार मिरवण्याचा होता, बरं का. ज्याला सहा आठवडे सुट्टी परवडते त्यालाच तो होतो, अशी समजूत. बॉस्टॉकनाही गरिबांत एक रोगी सापडला नव्हता. गरीब शिंकत नव्हता की शिंकणाऱ्या गरिबाकडे डॉक्टर पाहत नव्हता, हे तुम्हीच ठरवा.

पश्चिमेकडची वाट आधी क्षयरोग्यांनी पाडली. १८८० साली रेल्वे टूसॉनला पोचली. कोरडी हवा, बाराही महिने ऊन. डॉक्टर पत्ता लिहून द्यायचे. ज्यांच्याकडे पैसे होते ते आरोग्यधामात राहिले, नव्हते ते गावाबाहेर तंबूत. १९२२ साली टूसॉनच्या व्यापाऱ्यांनी 'सनशाइन क्लायमेट क्लब' काढला. त्याचं काम एकच, गावच्या हवेची जाहिरात देशभर करायची. हवा विकायची! पुढे क्षयावर औषधं निघाली, पण जाहिरात चालूच राहिली. रोगी तेवढे बदलले. आता दमेकरी, सांधेदुखीवाले आणि हे फीव्हरवाले येऊ लागले. ओहायो-इलिनॉयच्या डॉक्टरने सांगायचं, "मुलाला घेऊन ॲरिझोनाला जा." आणि बापाने नोकरी सोडायची, घर विकायचं, बिऱ्हाड गाडीत घालून निघायचं. आज हे ऐकायला गंमत वाटेल. पण रात्रभर मूल उशीवर ओणवं बसून श्वास ओढतंय, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्यात गंमत वाटणार नाही. इन्हेलरच्या आधीच्या काळात हवापालट हा शेवटचा उपाय होता.

आणि अनेकांना गुण आलाही, हे नाकारता येत नाही. का आला, ते पुढे पाहू.

फीनिक्सची वस्ती १९५० साली सुमारे १,०७,००० होती, ती १९६० साली सुमारे ४,३९,००० झाली. अर्थात सगळे काही दमेकरी नव्हते. कारखाने आले, लष्करी तळ होते, घराघरांत थंड हवेची यंत्रं आली. पण एवढी माणसं वाळवंटात आली की पहिली गोष्ट काय करतात? सावली शोधतात. मग झाड लावतात. दारापुढे हिरवळ करतात.

झाड कोणतं? लवकर वाढणारं, थोड्या पाण्यावर जगणारं, गर्द सावलीचं. तुती या परीक्षेत पहिली आली. पण तुतीची फळं खाली पडून फरशी आणि मोटार जांभळी होते, म्हणून नर्सऱ्यांनी 'बिनफळाची तुती' विकली. बिनफळाची म्हणजे नर. नर म्हणजे नुसते पराग! आणि ही तुती पराग सोडते ते कसे, हे ऐकण्यासारखं आहे. तिच्या फुलातला पुंकेसर वाकवलेल्या छडीसारखा ताणलेला असतो. कळी सुकली की तो सुटतो, आणि एका सेकंदाच्या लाखाच्या हिश्श्यातल्या दोन-तीन हिश्श्यांत पराग हवेत भिरकावतो. २००६ साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं. वेग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त निघाला. वनस्पतिसृष्टीत एवढी वेगवान हालचाल तेव्हा दुसरी माहीत नव्हती. आपण समजतो झाड उभं आहे, निमूट आहे. मार्च-एप्रिलात त्याच्याखाली गोफणगुंडा चालू असतो.

दुसरं झाड ऑलिव्ह. दिसायला देखणं, चंदेरी पानांचं, पाणी कमी मागणारं, भूमध्य समुद्राकाठचं. त्याचे पराग एप्रिल-मेमध्ये. भूमध्य देशांत ते ॲलर्जीचं मोठं कारण आहेच, इथेही झालं.

आणि हिरवळीसाठी गवत लावलं ते बर्म्युडा ग्रास. नावावरून वाटेल की बर्म्युडा बेटाचं असेल. तसं नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि मराठीत त्याला आपण म्हणतो हरळी. म्हणजे दूर्वा! (हशा) हो, जिची एकवीस पात्यांची जुडी आपण गणपतीला वाहतो, तीच. आपण खुडतो ते कोवळे अंकुर. त्याला तुरा येऊ दिला, चार बोटांसारखी ती कणसं वर आली, की त्यातून पराग उडतात. उष्ण प्रदेशात गवताच्या ॲलर्जीचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण मानतात. पाणी मिळालं तर ॲरिझोनात ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत फुलत राहतं. भाविकांनी घाबरायचं कारण नाही. अंकुर वाहिल्याने कुणी शिंकत नाही. तुरा यायच्या आत कापलं तर अंगणातलंही फारसा त्रास देत नाही. शिवाय याचे संकरित, वांझ प्रकार निघाले आहेत, ते पराग सोडतच नाहीत.

पुढे १९८० च्या दशकात टूसॉन ज्या पिमा काउंटीत आहे तिने तुती आणि ऑलिव्हच्या विक्रीवर बंदी आणली. हरळी फुलू देऊ नये असंही बजावलं. शेजारच्या नेवाडा राज्यात लास व्हेगसच्या परिसरात १९९१ साली अशीच बंदी आली. जुनी झाडं मात्र तोडायला लावली नाहीत. सावली कोण तोडेल? ती झाडं कित्येक दशकं जगतात, त्यामुळे कायदा आज होतो आणि हवेला तो बऱ्याच उशिरा कळतो.

इथपर्यंतची गोष्ट मोठी गोळीबंद आहे, आणि ती अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. रोगापासून पळून आलेल्या माणसांनी रोगाचं कारण सामानात बांधून आणलं, निर्मळ वाळवंट बाटवलं, आणि आपल्या करणीचं फळ भोगलं. कर्मविपाकाची आवड असलेल्या आपल्या लोकांनाही ती लगेच पटते. मला ती अर्धीच खरी वाटते. ती अर्धी का, हे सांगणं आजच्या व्याख्यानाचा खरा हेतू आहे.

पहिली गोष्ट, वाळवंट निर्मळ नव्हतंच. सोनोरन वाळवंटात वर्षातून दोनदा पाऊस पडतो, हिवाळ्यात हलका आणि जुलै ते सप्टेंबर वळवासारखा गडगडाटी. त्यामुळे तिथे फुलण्याचे हंगामही दोन. टूसॉनभोवतीच्या माळावर गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं मैलोन् मैल पसरलेली असतात, त्यांना बर्सेज म्हणतात. ती कुणी आणलेली नाहीत. ती रॅगवीडच्याच वंशातली आहेत, आणि ऑगस्टची वाट न पाहता वसंतातच फुलतात. या वंशाचं शास्त्रीय नाव ॲम्ब्रोसिया, म्हणजे देवांचं खाद्य, आपल्या भाषेत अमृत! नाव ठेवणाऱ्याला बहुधा सर्दी होत नसावी. आणि त्यातली मौज अशी की या वंशाच्या सर्वांत जास्त जाती अमेरिकेच्या नैऋत्येच्या आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातच आहेत. म्हणजे ओहायोचा माणूस रॅगवीडला भिऊन जिथे पळाला, ते त्याचं कुलस्थान होतं. पावसाळ्यानंतर तिथे राजगिऱ्याच्या-माठाच्या कुळातलं एक रानटी तण माजतं, तेही पराग सोडतं. तिथले मूळ रहिवासी ओओधाम लोक त्याची कोवळी पानं भाजी म्हणून खात आले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत ॲशची आणि ज्युनिपरची पाळी असते. रशियन थिसल नावाचं काटेरी तण, जे वाऱ्यावर गोल गोल गडगडत जातं आणि काऊबॉयच्या सिनेमात हमखास दिसतं, ते मात्र खरोखर बाहेरचं. १८७० च्या दशकात जवसाच्या बियांत मिसळून ते रशियाकडून अमेरिकेत आलं. त्यामुळे आतले आणि बाहेरचे अशी सरळ फाळणी करता येत नाही.

मग नव्यानं आलेल्यांना सुरुवातीला बरं का वाटलं? कारण शरीराला शत्रू ओळखायला वेळ लागतो. नव्या जागेचे पराग पहिल्या वर्षी अनोळखी असतात. दोन-चार हंगाम गेले की ओळख पटते. हवापालटाचा गुण खोटा नव्हता. त्याची मुदत ठरलेली होती. काहींची मुदत लांबली, काहींची नाही, आणि काहींना तर ओळखीचंच कुळ भेटलं. आपल्याकडच्या माणसांना हे लागू आहे. आपलं गाजरगवत, काँग्रेस गवत म्हणतो ते, रॅगवीडच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की एकाची ॲलर्जी असलेलं रक्त दुसऱ्याच्या परागालाही ओळखू शकतं. तेव्हा गाजरगवताने हैराण झालेला माणूस तिकडे गेला आणि पहिल्याच वर्षी शिंकू लागला, तर आश्चर्य मानू नये.

दुसरी गोष्ट, आरोपी ठरवताना डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. एप्रिलमध्ये टूसॉनमध्ये पालो व्हर्दे नावाचं झाड असं पिवळंधमक फुलतं की रस्त्यावर हळद सांडल्यासारखी दिसते. त्याच दिवसांत लोकांची नाकं वाहतात. साहजिकच शिव्या त्याला. हा शुद्ध काकतालीय न्याय आहे. १९३१ साली ऑगस्ट थॉमेन या अमेरिकी डॉक्टरांनी परागाला दोषी धरायच्या अटी घालून दिल्या. त्यात ॲलर्जी करणारा घटक हवा, तो वाऱ्याने उडणारा हवा, भरपूर हवा, लांबवर जाण्याइतका हलका हवा, आणि ते झाड त्या मुलखात पसरलेलं हवं. पालो व्हर्देचे पराग जड, चिकट, मधमाशीच्या पायाला चिकटून जाणारे. त्याच्याखालीच खाट टाकून झोपलात तर गोष्ट वेगळी. पण गावभरच्या शिंका त्या दिवसांत येतात त्या ऑलिव्हच्या, गवताच्या आणि बर्सेजच्या, ज्यांची फुलं दिसतही नाहीत. ज्याला फुलपाखराला बोलवायचं नाही त्याने नटायचं कशाला?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टूसॉनमध्ये दमा आणि सर्दीचं प्रमाण जास्त आहे, असं दिसलं, तर त्याचं कारण तिथली हवा, असं म्हणता येईल का? इथे आपलं ओलं सरपण पुन्हा येतं. दमा आणि ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यात उतरते. आणि या गावात तर पन्नास वर्षं देशभरातली तीच घराणी वेचून पाठवली जात होती! त्यांचीच मुलं, नातवंडं तिथे वाढली. मग हवेचा दोष किती आणि वंशाचा किती? ही उपाधी नुसत्या तर्काने दूर होत नाही. त्यासाठी जन्मापासून मुलांच्या मागे राहावं लागतं. टूसॉनच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. १९८० पासून त्यांनी १,२४६ नवजात बाळांची नोंद केली आणि ती मुलं मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं तपासली. कॉलिक, खोकला, घरघर, आई धूम्रपान करते का, घरात किती माणसं, सगळं लिहून ठेवलं. बाळपणी छातीत घरघर होणाऱ्या सगळ्याच मुलांना पुढे दमा होत नाही, हे आज डॉक्टर आईबापांना धीर देऊन सांगतात. त्यामागे फेर्नांडो मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मुलांवर १९९५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे.

आणि १९९७ साली याच मुलांवरून आणखी एक निष्कर्ष निघाला. वाळवंटात वाढलेल्या मुलांमध्ये दम्याशी सर्वांत ठळक नातं कशाचं निघालं असेल? तुतीचं नाही, ऑलिव्हचं नाही, हरळीचंही नाही. ते निघालं अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचं! कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला हे कुळ माहीत आहे. कांद्याच्या पातीवरचा जांभळा करपा त्याच्याच जातभाईमुळे पडतो. ही बुरशी कुजक्या पानांवर, मातीवर वाढते आणि कोरड्या वाऱ्यात तिचे बीजाणू उडतात. वाळवंटात पाऊस पडून गेला, चार दिवस हिरवं झालं, मग वाळलं आणि वारा सुटला, की तिची चंगळ. ती कुठल्या नर्सरीत विकत मिळत नाही, आणि तिच्यावर बंदीही घालता येत नाही. झाडांवर बंदी घालणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही; तुतीने नाक वाहतं हे खरंच आहे. पण नाक वाहणं वेगळं आणि मुलाचा श्वास कोंडणं वेगळं. दोन्हींची कारणं एकच असतील असं गृहीत धरलं, की डोळ्यांना दिसणारं झाड फासावर जातं आणि न दिसणारी बुरशी मोकळी राहते.

आता थोडं घरात डोकावू. घरातली धूळ दमा वाढवते, हे १९२० च्या दशकापासून माहीत होतं, पण धुळीतलं नेमकं काय, ते कळत नव्हतं. १९६० च्या दशकात हॉलंडमधल्या लायडनमध्ये फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवलं की गादी-उशीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा माइट नावाचा किडा त्याचं मुख्य कारण आहे. आपल्या कातडीचा कोंडा खाऊन तो जगतो. पण तो पाणी पीत नाही, हवेतून ओढून घेतो. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खूप खाली गेली की तो सुकून मरतो. म्हणून लायडन, मुंबई, रत्नागिरी हे त्याचं राज्य, आणि वाळवंटात त्याला थारा नाही. हवापालटाने पूर्वी जो गुण येई त्यातला मोठा आणि टिकाऊ वाटा बहुधा हाच असावा, असं माझं मत आहे. लोक परागांपासून पळाले असं म्हणत होते, पण सुटले ते गादीपासून.

पण माणूस स्वस्थ बसतो थोडाच! १९३० च्या दशकात ॲरिझोनात घरोघर कूलर आला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या बारीक कातरणांचं गवत, वरून पाणी, आत पंखा. नागपूर-अकोल्याच्या श्रोत्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्याची आपली रीत तर त्याहून कितीतरी जुनी. कूलर ओली हवा आत ढकलतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, म्हणजे बाहेरचे पराग आत. गवत बदललं नाही तर त्यावर बुरशी. आणि कोरड्या प्रदेशातल्या कूलरवाल्या घरांत माइटही सापडू लागले.

माइट नसलेल्या जागी दमा नसतो का, याचंही उत्तर मिळालं आहे. न्यू मेक्सिकोतलं लॉस ॲलामॉस, अणुबॉम्बचं गाव, उंचावर आणि कोरडं. १९९० च्या दशकात तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी झाली. घरांत माइट जवळजवळ नाहीत, पण दमा आहे. तिथे मुलांचं शरीर मांजर आणि कुत्र्याला ओळखत होतं. मांजराचा दोष केसाचा नाही, लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा. तो इतका हलका आणि चिकट असतो की मांजर न पाळणाऱ्यांच्या घरात, शाळेतही कपड्यांवरून पोचतो. झुरळांबद्दल वेगळं काय सांगू. ती वाळवंटातही गटारातून येतात.

आपल्या थरच्या वाळवंटाकडेही पाहायला हवं. तिथेही हिरवं करण्याच्या हौसेचा असाच अध्याय आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, म्हणजे आपली वेडी बाभूळ, विलायती बाभूळ, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी भारतात आणली. वाळू थोपवायला आणि सरपणाला बरी म्हणून जोधपूर संस्थानाने तिला १९४० साली राजवृक्षाचा मान दिला. आज राजस्थानात तिने देशी खेजडीला, म्हणजे आपल्या शमीला, रेटलं आहे. बिकानेरसारख्या कोरड्या भागात परागांच्या ॲलर्जीची जी मुख्य कारणं सांगतात, त्यांत ती आहे. जोधपूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ पासून खडकातून तिची मुळं खणून काढून देशी झाडं लावली, ते उद्यान जरूर पाहून या. तरीही मी घाईने तिला झोडपणार नाही. कित्येक गरिबांची चूल तिच्यावर पेटते, आणि ज्याची चूल पेटते तो शिंक सोसतो. ॲरिझोनात सावली होती, इथे सरपण आहे. आखाती देशांतही हीच झाडं रस्त्याकडेला लावली आणि तोच अनुभव आला.

श्रोत्यांचे दोन प्रश्न आले आहेत, तेवढे घेतो.

एक बाई विचारतात, नातवाला दमा आहे, मुलगा फीनिक्सला नोकरी घेतोय, हवा मानवेल का? ताई, मी औषधाचा डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा आहे. पण इतिहासावरून एवढं सांगू शकतो की आधी त्याची ॲलर्जी नेमकी कशाची आहे, ते तज्ज्ञाकडून कातडीच्या चाचणीने तपासून घ्या. माइटची असेल तर कोरडी हवा बहुधा साथ देईल. बुरशीची किंवा गवताची असेल तर तिकडे तीच भेटेल. आणि पहिल्या वर्षी छान वाटलं म्हणून औषधं बंद करू नका. दुसरा-तिसरा वसंत जाऊ द्या.

दुसरा प्रश्न विदर्भातून आहे. कूलर वापरायचा की नाही? चव्वेचाळीस अंशांत कूलर बंद करा, असं मी सांगितलं तर तुम्ही मला पुन्हा बोलावणार नाही. वापरा. पण गेल्या वर्षीचं गवत झटकून पुन्हा लावायची आपली काटकसर या एका बाबतीत सोडा. टाकीतलं पाणी बदलत राहा, आणि पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की तो आवरून ठेवा. तेव्हा तसाही तो गार करत नाही.